फोटोतलं पोपटी फडकं

चोऱ्या झाल्या तेव्हा पिंपरडे गाव नुसतं चिडलं होतं. घाबरलं ते चोऱ्यांची बातमी आल्यावर.

तोवर कसं होतं, तापीकाठच्या कुणाच्या विहिरीवरची केबल जायची, कुणाची मोटार जायची, माणूस बांधावर उभा राहून चोराच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा आणि नव्या केबलच्या सोयीला लागायचा. पण पेपरात आलं, ‘चोरट्यांचा धुमाकूळ, शेतकरी भयभीत, पोलीस सुस्त’, आणि त्या सकाळपासून सगळे भयभीत झाले. छापून आलंय म्हटल्यावर व्हायलाच पाहिजे. बाया दिवसाढवळ्या आतून कडी लावून भाकरी थापायला लागल्या. वर्षानुवर्षं गावात येणाऱ्या भंगारवाल्याला पोरांनी वेशीवरून पिटाळलं. तो बिचारा सायकल हातात धरून पळाला, तर ‘संशयित इसम पसार’ म्हणून तेही छापून आलं.

बातम्या द्यायचा भूषण. त्याचा दोंडाईच्यात फोटो स्टुडिओ होता. लग्नसराईत लग्नं, एरवी गुन्हे.

भिकुबाई तेव्हा शालिग्राम नानांच्या मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला जात होती. हिवाळा लागला की गावाबाहेरच्या माळावर ओली लाल मिरची वाळत घालतात, लांबून बघावं तर कुणी माळालाच लाल लुगडं नेसवलंय असं वाटतं. त्या मिरच्यांच्या ढिगाला धरून बाया ओळीनं बसतात आणि देठ खुडतात. बोटांची आग रात्री ताकात हात बुडवले तरी जात नाही. नाका-तोंडावर जुन्या साडीचं फडकं घट्ट बांधायचं, आणि डोळ्यांना हात लावायचा नाही. डोळे वाहतात तर वाहू द्यायचे. पथारीवर रडणाऱ्या बाईला ‘काय झालं’ म्हणून कुणी विचारत नाही, ही त्या कामातली एक सोय.

तोंडं झाकलेली असल्यानं तिथं बाई ओळखायची ती फडक्यावरून. भिकुबाईचं फडकं पोपटी, आंब्याच्या काठाचं. भावाच्या लग्नातली तिची साडी विरली तेव्हा तिनं अर्धी फाडून स्वतःला घेतली आणि अर्धी शेजारी बसणाऱ्या मुमताजला दिली. दोघी पोपटी तोंडानं शेजारी-शेजारी बसत. मुकादम कौतिक त्यांना ‘पोपटीणी’ म्हणायचा.

“पोपटीणींनो, चोच कमी चालवा, हात चालवा.”

“हात तं चालूच शेतस भाऊ,” भिकुबाई म्हणायची. “चोच तं फुकटमा चालस.”

कौतिकची शेतातली मोटार नुकतीच जळली होती. भिकुबाईचा नवल घराच्या पडवीत मोटारी बांधायचा, म्हणजे वाइंडिंग करायचा. दोंडाईच्याच्या एका दुकानात हात काळे करून शिकून आला होता. गावात मोटार जळली की आता बैलगाडीतून थेट पडवीत यायची. कौतिक म्हणाला होता, मोटार पाठवतो. भिकुबाईला त्याचं फार वाटायचं. कौतिकची मोटार आली म्हणजे त्याच्या सगळ्या भाऊबंदांच्या मोटारी आल्या. मग पडवीला पत्रे, मग सून, असं ती देठांबरोबर एकेक खुडत जायची.

मग शालिग्राम नानांचीच मोटार गेली.

नानांनी पथारीला अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली, बायांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवलं आणि मोर्चा थेट पोलीस ठाण्यावर नेला. पुरुष मोर्चा काढतात तेव्हा लाठ्या बसतात, बाया काढतात तेव्हा फोटो येतो, हे नानांना तीन निवडणुकांपासून माहीत होतं. फाटकापुढं बाया उभ्या राहिल्या. भूषणनं मोबाईल पुढं केला. “मावशी, मागणी काय तुमची? बोला कुणीतरी.”

बाया एकमेकींच्या पाठीमागं सरकल्या. भिकुबाईनं फडकं हनुवटीखाली ओढलं.

“चोर काय आभाळमाईन पडतस का?” ती म्हणाली. “केबल जाळतस, तांबं काढतस. मंग तांबं कोना घरमा शे ते देखा ना. घरोघर झडती ल्या. ज्याना घरमा तांबं सापडी, त्याले उचला.”

बायांनी टाळ्या वाजवल्या. भूषण म्हणाला, “हात वर करा मावशी. मूठ.” तिनं मूठ केली.

दुसऱ्या दिवशी पेपरात ती मूठ, तो उघडा चेहरा आणि वर मोठ्या अक्षरात, ‘ज्याच्या घरी तांबे, त्याला उचला’. नवलनं वाचून दाखवलं. घरात वाचता येणारा तो एकटाच. भिकुबाईचा नवरा रुपचंद आयुष्यभर दुसऱ्यांची गुरं चारून आता मोतीबिंदूनं ओट्यावर बसलेला. त्याला फोटोतली मूठ तेवढी दिसली. त्यानं कणकेची खळ केली आणि चुलीच्या वरच्या भिंतीवर कागद चिकटवला.

“आते साहेबबी घाबरी तुले,” तो म्हणाला.

नवल हसला. “माय, आपला घरमाबी तांबं शे ना वं.”

“ते तुनं काम शे. ते काय चोरीनं शे का?”

पडवीत खाटेखाली गोणी होती. जळक्या मोटारीतली जुनी गुंडाळी कापून काढायची, जाळून तिच्यावरचं रोगण घालवायचं, आणि ते तांबं गोणीत टाकायचं. मोटारवाला मजुरी थोडी कमी देतो, जुनं तांबं बांधणाऱ्याला राहतं. हा रिवाज सगळ्या काठाला ठाऊक. त्याची पावती कुणी फाडत नाही. भिकुबाईच्या मनात त्या गोणीचं नाव ‘नवलचं भंगार’ असं होतं. रोज झाडताना ती सरकवायची, पण मोर्चात तांबं म्हणताना ती गोणी काही तिच्या डोळ्यांपुढं आली नव्हती.

पोलिसांवर वरून दाब आला. पेपरात रोज येत होतं. जीप गावात आली ती सकाळी, भाकरीच्या वेळेला. चार-दोन घरं दिखाव्यापुरती बघितली आणि मग सरळ पडवीत. गोणी ओढली गेली, अंगणात ओतली गेली. उन्हात तांबं कसं चकाकतं ते भिकुबाईनं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

“हे काय आहे?” साहेबानं विचारलं.

“मोटारीचं जुनं तांबं साहेब,” नवल म्हणाला. “मी वाइंडिंग करतो.”

“कुणाकुणाच्या मोटारीचं? कागद दाखव.”

“कागद नसतो साहेब. सगळ्यांनाच माहीत आहे. कौतिकभाऊंना विचारा, नानांना विचारा.”

कुंपणाबाहेर कौतिक उभा होता, गावातले बरेच उभे होते. कौतिकनं टोपी काढली, झटकली, परत घातली. नाना आलेच नव्हते.

भिकुबाई पुढं झाली. “साहेब, मना पोऱ्या मोटारी बांधस. जाळीसन तांबं काढस. त्यानं कामच शे ते.”

साहेबाचं लक्ष उघड्या दारातून चुलीवरच्या भिंतीकडं गेलं. तो वाकून आत शिरला, कागद वाचला आणि बाहेर आला तो हसतच. “जाळून तांबं काढतो. बरं. भिंतीवर तुमचाच फोटो ना, बाई? ज्याच्या घरी तांबे त्याला उचला. मग? उचलतोय.”

शिपायांना हसू आलं. कुंपणाबाहेरही कुणाला तरी आलं.

नवलला जीपमध्ये बसवलं. अंगात नुसता बनियन आणि शर्ट, थंडी तर अशी की म्हशींच्या नाकातून वाफ निघत होती. भिकुबाई आत धावली. हाताला लागलं ते दोरीवरचं धुतलेलं पोपटी फडकं. जीप सुरू झाली होती, तिनं धावत जाऊन ते त्याच्या मांडीवर फेकलं.

“कानले बांध रे. वारा लागी.”

दोन दिवसांनी पथारीवर पेपर आला तो कौतिकच्या काखेतून. ‘केबलचोर जेरबंद, मुद्देमाल हस्तगत’. रंगीत फोटो. पुढं गोणी, मागं साहेब आणि शिपाई, छाती काढून. मध्ये खाली उकिडवा बसवलेला एक माणूस. नाव छापलं नव्हतं. कायद्याप्रमाणं तोंड झाकलं होतं, डोळे तेवढे उघडे. तोंडावर पोपटी फडकं. काठाला आंबे.

पेपर ओळीतून हातोहात गेला. बायांना अक्षरं येत नव्हती, फडकं येत होतं. एकेक बाई फोटो बघायची, मग मान वर करून मुमताजच्या तोंडाकडं बघायची, मग भिकुबाईकडं. भिकुबाईनं त्या दिवशी पांढरं धोतर फाडून बांधलं होतं.

जीप नेताना गावानं बघितलंच होतं. पण बघितलेलं वेगळं, छापलेलं वेगळं. कालपर्यंत बाया म्हणत होत्या, ‘नवलले चौकशीले नेयेल शे’. आता म्हणू लागल्या, ‘नवल सापडना’, म्हणजे चोरीत पकडला गेला.

दुसऱ्या दिवशी मुमताज निळ्या फडक्यात आली.

“क्या करूँ भिकुबाई,” ती खाली बघत देठ खुडत म्हणाली. “घरात म्हणतात ते नको बांधू. लोक बघतात. मेरा दिल साफ है, तुला माहीत आहे.”

“माले माहीत शे माय.”

“फडकं मी जपून ठेवलंय. फेकलं नाही.”

सुट्टी झाल्यावर बाया फाटकातून निघत तेव्हा कौतिक त्यांच्या डब्यांच्या पिशव्या वरवर चाचपायचा, मूठभर मिरची कुणी नेऊ नये म्हणून. त्या दिवसापासून भिकुबाईची पिशवी तो रिकामी करून घेऊ लागला. डबा उघडून, भाकरीचा चुरा झटकून. “सगळ्यांची बघतो,” तो म्हणायचा, आणि तिच्यामागच्या बाईला हातानं ‘जा’ म्हणायचा.

नवल आत असतानाच पाटचारीकडची आणखी एक केबल गेली.

भिकुबाईला ती बातमी विहिरीवर कळली आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या नुकसानीनं तिच्या अंगात गोड वारं शिरलं. शेत एका विधवेचं होतं, गहू पाण्यावाचून उभा होता. भिकुबाईनं हळहळ केली आणि घरी येऊन देवापुढं उदबत्ती लावली. आणखी एक जाऊ दे, असंही ती म्हणाली. देवानं ऐकलं, नानांच्या चुलतभावाची मोटार गेली.

मग नवलला सोडलं. कसं, कशावरून, काही नाही. दुपारच्या एसटीनं आला. ठाण्याच्या फाटकातून त्याला एका शिपायानं चहा पाजून काढून दिलं होतं. तांबं तिथंच राहिलं. फडकंही.

तिनं पाणी तापवलं. त्यानं गडव्याला हात लावला आणि गडवा पडला. तळहात काळेनिळे, बोटं गाजरासारखी फुगलेली.

“काय रे, देखू दे.”

“कमरना पट्टाघाई मारं,” तो म्हणाला. “म्हणे, वाइंडिंगवाल्याचे हात कसे असतात ते बघू.”

मोटार बांधायची तर केसासारखी तार खाचेत एकेक वेढा बसवावी लागते. नवलनं दोन दिवसांनी तार हातात धरून बघितली. ती बोटांतून निसटून जमिनीवर वेटोळं झाली. त्यानं परत उचलली. परत निसटली. रुपचंद ओट्यावरून विचारत होता, “कोनी मोटार उनी रे?” कुणाचीच आली नव्हती. कौतिकची मोटार दोंडाईच्याला गेली होती.

भिकुबाई पथारीला खाडा करून भूषणच्या स्टुडिओत गेली. तो एका नवऱ्या मुलीची हनुवटी वर करत होता. मुलगी गेल्यावर म्हणाला, “बोला रणरागिणी.”

“भाऊ, मना नवल सुटना. ते छाप ना.”

“सुटल्याची बातमी नसते मावशी.”

“धरं तवय छापं ना?”

“धरलं ती बातमी. आणि आम्ही कुठं त्याचं नाव छापलंय? ओळख लपवलीय. तोंड झाकलंय बघा.”

“फडकं मनं शे.”

भूषणला ते कळलं नाही. त्यानं खुर्ची पुढं ओढली, तिला पाण्याचा ग्लास दिला. माणूस वाईट नव्हता. “हे बघा,” तो म्हणाला, “पोलिसांनी लिहून दिलं असतं तर गोष्ट वेगळी. ते लिहून देणार नाहीत. पण नानांचा पुन्हा मोर्चा निघतोय, चोऱ्या थांबल्या नाहीत ना. तुम्ही या. तिथं सगळ्यांसमोर बोला. मोर्चात जे बोललं ते बातमीत येतं. तुम्ही बोलाल ते मी छापतो. शब्द माझा.”

ती शब्द घेऊन घरी आली. येताना बसमध्ये ओठातल्या ओठात वाक्यं जुळवत होती.

मोर्चाच्या दिवशी ट्रॉलीतल्या बाया सरकून बसल्या नाहीत. एकजण म्हणाली, “हाई कसाले? चोरनी मायच चोर धरा म्हनी का?” नाना खालून ओरडले, “चढू द्या तिला. मागच्या फोटोतली आहे.” भिकुबाई ट्रॉलीच्या कडेला, फळीला धरून उभी राहिली. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला फळी तिच्या बरगडीत बसत होती आणि कुणीही तिला धरलं नाही. मुमताजनं धरायला हात उचलला होता, मग तो आपल्या निळ्या फडक्याची गाठ सारखी करायला नेला.

फाटकापुढं भूषणनं मोबाईल पुढं केला. “बोला मावशी.”

तिनं तोंडावरचं धोतराचं फडकं सोडलं. “मना नवल चोर नही,” ती म्हणाली. आवाज बारीक निघाला म्हणून पुन्हा म्हणाली. “मना नवल चोर नही. तो मोटारी बांधस. त्याले धरं, तो आत व्हता, तवयबी चोऱ्या व्हयन्यात. मंग तो कसा चोर? त्याले सोडी दिधं. ते कोनी सांगत नही. ते छापा.”

टाळ्या नाहीत. बाया आपापल्या फडक्याच्या आत होत्या. कुणीतरी खोकलं. मागं पुरुषांत नाना कुणाला तरी हळूच म्हणाले, “हिला कुणी बोलायला लावलं?”

भूषणनं मान हलवली, सगळं टिपतोय अशी. मग विचारलं, “आणि मावशी, खरे चोर सापडले तर? त्यांचं काय करायचं?”

तिनं ते वाक्य जुळवलेलं नव्हतं. तिला गडवा पडताना दिसला. “त्यास्ना हात तोडा,” ती म्हणाली. “मना पोऱ्याना हात सुजाडात. त्यास्ना तोडा.”

आता टाळ्या पडल्या. कौतिकनं मागून घोषणा उचलली, ‘हात तोडा, हात तोडा’. येताना ट्रॉलीत फळीशी उभं ठेवलेल्या बाईच्या आता बाया जवळ आल्या. कुणाचा तरी हात तिच्या पाठीवर पडला. भूषण म्हणाला, “मूठ मावशी.” तिनं मूठ केली. तिला वाटलं, झालं. गाव परत आपलं झालं.

सकाळी तिनं नवलला पारावर पिटाळलं. तो पेपर घेऊन आला, ओट्यावर बसला. तिनं डोक्यावर पदर घेतला, कीर्तनाला बसावं तशी बसली. रुपचंदनं कान पुढं केला.

नवल बराच वेळ कागदाकडं बघत राहिला.

“वाच ना रे.”

“वाचस.” त्यानं घसा साफ केला. “पिंपरडेचा नवल निर्दोष. वर मोठ्या अक्षरमा शे. मंग खाले... मोटार दुरुस्ती करणारा नवल याचा चोरीशी काही संबंध नाही, असे त्याच्या आईने सांगितले. तो ताब्यात असतानाही चोऱ्या झाल्या. पोलिसांनी त्याला सोडून दिले आहे.” तो थांबला. “सन्मानाने सोडून दिले आहे.”

“मनं नाव शे का?”

“शे ना. तुनं नाव शे.”

“आजून वाच.”

“बस, इतलंच शे.”

“फोटो मोठा शे, लिखेल इतलंसं?”

“बारीक अक्षर शेतस माय.”

तिनं कात्री आणली. नवल म्हणाला, “ऱ्हाऊ दे ना, काय कापस.” तिनं कापलाच. घडी करून चोळीत घातला आणि पथारीची वाट धरली. वाटेत ती कधी नव्हे ते समोरून येणाऱ्यांना आपणहून रामराम करत गेली.

पथारीवर ढिगाला बसायच्या आधी ती कौतिकपुढं उभी राहिली. बाया फडकी बांधत होत्या. तिनं मुद्दाम त्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “भाऊ, जरा वाच बरं हाई. मोठ्यानं वाच.”

कौतिकनं घडी उलगडली. एकदा तिच्याकडं बघितलं. “मोठ्यानं?”

“बठ्ठासले ऐकू येवो.”

कौतिक शाळेत वाचायचा तसा वाचू लागला. “चोरांचे हात तोडा. पिंपरडेच्या महिला आक्रमक. केबल व मोटार चोरांचे हात तोडा, अशी संतप्त मागणी भिकुबाई या महिलेने मोर्चाच्या वेळी केली. याआधी पोलिसांनी एका संशयिताला मुद्देमालासह ताब्यात घेतले होते. मात्र पुराव्याअभावी त्याला सोडावे लागल्याने ग्रामस्थांमध्ये तीव्र संताप आहे.”

त्यानं कागद उलटा करून बघितला. मागं सोन्याच्या दुकानाची जाहिरात होती.

“फुडे?” भिकुबाई म्हणाली.

“फुडे काही नही.”

“नवलनं नाव कोठे शे?”

“यामा नवलनं नाव नही बाई. तुनं शे.”

ओळीच्या टोकाला कुणीतरी फडक्याच्या आत फिसकन हसलं. “स्वतःना पोऱ्याना हात तोडाले लायी ऱ्हायनी,” एकजण म्हणाली, आणि मग हसू ओळीतून पसरत गेलं, वारा पडल्यावर मिरचीचा ठसका पसरावा तसं. मुमताज तेवढी उठली. तिनं कौतिकच्या हातातून कागद घेतला, होता त्याच घडीवर घडी घातली आणि भिकुबाईच्या हातात दिला.

“बैठ,” ती म्हणाली. “बस खाली. काम कर.”

भिकुबाई बसली. फडकं बांधलं. दिवसभर देठ खुडत राहिली. डोळे वाहत होते, कुणी काही विचारलं नाही.

घरी आली तेव्हा नवल पडवीत होता. एक जुनी, कुणाची नसलेली मोटार मांडीत धरून फुगल्या बोटांनी खाचेत तार घालून बघत होता. त्यानं वर बघितलं, लगेच खाली बघितलं.

“दाखाडं का कोनले?”

“कौतिकभाऊले दाखाडं.”

तार त्याच्या बोटांत थांबली. “वाचं त्यानी?”

“वाचं ना. मोठ्यानं वाचं. बठ्ठा बाया ऐकत व्हत्यात.”

नवलनं तार पुन्हा खाचेशी नेली.

“नवल निर्दोष,” भिकुबाई म्हणाली. “वर मोठ्या अक्षरमा. खाले बठ्ठं तू वाचं तसंच. सन्मानाने सोडी दिधं, तेबी.” तिनं पदरानं मान पुसली. “कौतिकभाऊ म्हने, मोटार पाठाडस. आते दुसरी बिघडनी शे म्हने त्यानी. हात बरा व्हवू दे, मंग पाठाडस.”

नवलनं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला. “बरं व्हयनं,” तो म्हणाला.

ओट्यावरून रुपचंदनं हाक मारली. त्यानं दुपारीच खळ करून ठेवली होती, वाटीत वर साय धरली होती. “कागद आन वं. हाऊबी लाई देऊत. त्याना शेजारे.”

तिनं चोळीतून घडी काढली. तिच्यावर मिरचीचं लाल बोट उठलं होतं. म्हातारा चाचपडत चुलीवरच्या भिंतीला खळ फासू लागला, पण कागद त्याच्या हातात वाकडा होत होता. तेव्हा नवल उठला, आणि त्यानं आपल्या सुजलेल्या हातांनी तो पहिल्या फोटोशेजारी सरळ धरला, बाप चारी कोपरे दाबेपर्यंत.